आकाशाचा सातबारा कोणाच्या नावावर?

राहुरीच्या, नेवाशाच्या किंवा पारनेरच्या पोराने बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेतले, गुण चांगले मिळवले, डोळे शाबूत, काळीज धडधाकट, इंग्रजीची भीती नाही. तर तो वैमानिक होऊ शकतो काय? कायदा म्हणतो, खुशाल हो. बाजार म्हणतो, आधी कोटभर रुपये मोज. आणि या दोघांच्या मध्ये उभे राहून ज्याने पोराची बाजू घ्यायची ते सरकार म्हणते, फीचा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही! मग कोणाच्या अखत्यारीत येतो? शनिशिंगणापूरच्या शनीच्या?

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात विमानतळ आहे. नाव शिर्डीचे, जमीन कोपरगाव तालुक्यातल्या काकडीची. १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. अडीच हजार मीटरची धावपट्टी काकडीच्या शिवारातून गेली, म्हणजे काकडीकरांच्या वावरातून गेली. हैदराबादहून, दिल्लीहून, चेन्नईहून साईभक्त तिथे उतरतात, गाडीत बसतात आणि शिर्डीला जातात. त्यांचे स्वागतच आहे. पण ज्या घराने त्या धावपट्टीखाली बाभळी, विहिरी आणि बांध घातले, त्या घरातल्या किती पोरांना त्या विमानाच्या पुढच्या दोन खुर्च्यांपर्यंत जाण्याची वाट कोणी दाखवली? सामान उचलायला जा, गाडी चालवायला जा, फाटकावर उभा राहा. कॉकपिट मात्र तुझ्यासाठी नाही. असे तोंडावर कोणी म्हणत नाही. फीचे पत्रकच ते म्हणते.

ते पत्रक एकदा नीट वाचू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण मागते. त्यातले शंभर तास स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून. त्याआधी नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम आणि तांत्रिक विषय यांच्या परीक्षा, उत्तीर्ण व्हायला सत्तर टक्के. शिवाय रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. आधी क्लास टू, मग क्लास वन वैद्यकीय तपासणी. यातल्या एकाही अटीबद्दल आमची तक्रार नाही. दीडपावणेदोनशे माणसांचा जीव ज्याच्या हातात द्यायचा, त्याची परीक्षा कडकच हवी. पण हे दोनशे तास देशात पुरे करायला आज चाळीस ते पंचावन्न लाख रुपये लागतात, काही ठिकाणी त्याहून जास्त. ग्राउंड क्लासचे काही लाख निराळे. वसतिगृह, जेवण, पुन्हा द्यावी लागलेली परीक्षा, हे सगळे निराळे. एवढे करून परवाना हातात पडला की कळते, याने एअरलाइनचे विमान चालवता येत नाही! एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसाठी टाइप रेटिंग हवे. त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. एअरलाइनांच्या कॅडेट योजनेतून गेलात तर रक्कम कोटीच्या वर. ज्याला नोकरी द्यायची त्याच्याकडूनच नोकरीच्या तयारीचा खर्च वसूल करणारा हा धंदा आहे. वर अर्ज, निवड चाचणी आणि मुलाखतीसाठी दिल्ली-बंगळूरच्या चकरा मारायच्या त्याही बापाच्याच पैशाने.

कोटभर म्हणजे नेमके किती, हे दिल्लीच्या वातानुकूलित खोलीत कळत नाही. उसाच्या भाषेत सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) ठरवली, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. एक कोटीसाठी २,८०० टनांहून जास्त ऊस घालावा लागेल. एकरी चाळीस टन धरला, जो सगळ्यांना निघत नाही, तरी सत्तर एकरांचा एका हंगामाचा सगळा ऊस! तोही तोडणी-वाहतूक न कापता, खत-बियाणे, वीजबिल आणि सोसायटीचे कर्ज न मोजता. आता गंमत पाहा. महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्याने बारमाही बागायतीत एका कुटुंबाला अठरा एकरांच्या वर जमीन ठेवताच येत नाही. या कमाल मर्यादेला टेकलेला, म्हणजे गावात बडा म्हणवला जाणारा बागायतदारसुद्धा, चार वर्षांचे सगळे उसाचे बिल, एक रुपया घरी न नेता, फ्लाइंग स्कूलच्या खिडकीत भरेल तेव्हा त्याचा एक पोरगा वैमानिक होईल. म्हणजे एक कायदा सांगतो की यापेक्षा मोठा शेतकरी व्हायचे नाही, आणि दुसरीकडची व्यवस्था सांगते की यापेक्षा मोठा शेतकरी नसशील तर पोराला आकाशात पाठवायचे नाही. जामखेड-कर्जतच्या कोरडवाहूवाल्याचे तर नावच काढू नका. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या आदिवासी घराचा हिशेब मांडायला आमच्याकडे आकडा नाही, कारण तिथे गुणायला काही नाही.

बँकेत जा म्हणतात. गेले! शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत सरकारी पत हमी योजनेचा आधार मिळतो. त्याच्या वर गेलात की तारण आणा. तारण म्हणजे काय? सातबारा, नाहीतर घर. साडेसात लाख कुठे आणि ऐंशी लाख कुठे? नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजनेचा मोठा गाजावाजा झाला, तारण नको, जामीनदार नको. पण ती ठरावीक नामांकित उच्चशिक्षण संस्थांपुरती, आणि ती यादी बनते एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीवरून. त्या क्रमवारीत अभियांत्रिकी आहे, व्यवस्थापन आहे, औषधनिर्माण आहे, दंतवैद्यकसुद्धा आहे. फ्लाइंग स्कूलचा रकानाच नाही. समजा बापाने जमीन तारण ठेवली आणि ऐंशी लाख उचलले. अकरा टक्के व्याज, दहा वर्षे मुदत, तर महिन्याचा हप्ता एक लाख दहा हजारांच्या घरात जातो. नोकरी लागली तर तो फिटतो, नाही असे नाही. एअरलाइनचा पगार चांगलाच असतो. पण लागली नाही तर?

आणि न लागण्याची सोय या देशाने वारंवार करून ठेवली आहे. २०१२ मध्ये किंगफिशर जमिनीवर आली. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली. २०२० मध्ये करोनाने सगळेच थांबवले. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक रांगेत पुढे येऊन उभे राहिले आणि दोनशे तासांचा नवा पोरगा शेवटी ढकलला गेला. त्याच्या हप्त्याची तारीख मात्र कोणी ढकलली नाही. उलट घरी बसलेल्याला परवाना जिवंत ठेवायलाही पैसे लागतात. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत वर्षाची, ते नव्याने करून घ्यायचे तर पुन्हा चाचणी, पुन्हा भाड्याचे विमान. विमान उडवायला न मिळता विमानाचे भाडे भरणारा हा जगातला एकमेव बेकार असावा.

इकडे मंत्री काय सांगतात? येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला तीस हजार वैमानिक लागतील! २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची आणि इंडिगोने एका फटक्यात ५०० विमानांची मागणी नोंदवली, त्याच्या बातम्या जगभर झळकल्या. विमाने मागवताना वैमानिक कुठून येणार याचा विचार कोणी केला? २०२५ च्या डिसेंबरात त्याचे उत्तर मिळाले. वैमानिकांना आठवड्याला ४८ तासांची विश्रांती आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा, हे नियम आधीपासून जाहीर होते, दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू झाला. तरीही देशातल्या सर्वांत मोठ्या एअरलाइनचे वेळापत्रक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोसळले, हजारो उड्डाणे रद्द झाली, लग्नाची वऱ्हाडे आणि आजारी माणसे विमानतळांच्या फरशीवर झोपली. मग सरकारने काय केले? नियमातच तात्पुरती सूट दिली! थकलेल्या वैमानिकाची झोप कापली, पण टाइप रेटिंगला पैसे नाहीत म्हणून घरी बसलेल्या परवानाधारकाला बोलावले नाही. २०२३ या एका वर्षात डीजीसीएने सोळाशेच्या वर व्यावसायिक परवाने दिले. परवाने आहेत, खुर्च्या आहेत, विमाने येत आहेत. मध्ये आहे ती फक्त पैशाची भिंत, आणि ती भिंत एअरलाइनांना सोयीची आहे. तयार माणूस त्यांना फुकट मिळतो. तयार करण्याचा खर्च राहाता-श्रीरामपूरच्या बापाच्या खात्यावर पडतो.

या पैशाच्या बदल्यात काय मिळते तेही पाहा. १ ऑक्टोबर २०२५ रोजी डीजीसीएने देशातल्या फ्लाइंग स्कूलांची पहिली श्रेणीवारी जाहीर केली. पस्तीस संस्था मोजल्या. वरच्या श्रेणीत किती? एकही नाही. तेरा 'ब' मध्ये आणि बावीस 'क' मध्ये. पन्नास लाख रुपये घेऊन 'क' श्रेणीचे शिक्षण! एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजाने असे केले असते तर पालकांनी फाटक मोडले असते. आमच्या शेजारच्या बारामतीत २०२३ च्या ऑक्टोबरात एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने चार दिवसांत कोसळली आणि डीजीसीएला त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवावे लागले. थांबवले ते योग्यच केले. पण ज्यांनी पैसे आगाऊ भरले होते, ज्यांचे तास अर्धवट होते, ज्यांच्या बापांचे व्याज चालू होते, त्या पोरांनी काय करायचे, हे त्या आदेशाने सांगितले नाही. अपघात न होताही गत फारशी वेगळी नसते. वर्ष-दीड वर्षात दोनशे तास, असे सांगून पैसे घ्यायचे आणि मग विमान दुरुस्तीला आहे, इन्स्ट्रक्टर नाही, धुके आहे, धावपट्टी मिळत नाही, असे म्हणत दोन-तीन वर्षे लावायची. पोरगा हँगरबाहेर बसून आपला नंबर कधी येतो ते पाहतो. खोलीचे भाडे, मेसचे बिल आणि व्याज यांना मात्र धुके लागत नाही.

म्हणून तर ऐपतवाले अमेरिकेला, दक्षिण आफ्रिकेला, न्यूझीलंडला जातात. तिथे तास लवकर पुरे होतात, मग इथे येऊन परवाना भारतीय करून घेण्यासाठी पुन्हा परीक्षा. देशाचा पैसा देशाबाहेर, आणि इथे 'आत्मनिर्भर'चे फलक! बंगळूरच्या एनएएलने बनवलेले 'हंसा' हे दोन आसनी प्रशिक्षण विमान १९९३ मध्ये पहिल्यांदा उडाले. तीन दशके उलटली, पण आमच्या पोरांच्या नशिबी बहुतेक ठिकाणी सेसनाच. छोट्या विमानाला लागणारे अ‍ॅवगॅस हे इंधन २०२२ पर्यंत आपण पूर्णपणे आयात करत होतो, इंडियन ऑइलने तेव्हा कुठे ते इथे बनवायला घेतले. तासाचा दर का चढतो, याची ही कारणे आहेत, आणि ती दूर करणे सरकारच्या हातात होते व आहे.

सरकारने काहीच केले नाही असेही म्हणता येत नाही. केले, पण कोणासाठी? विमानतळ प्राधिकरणाने फ्लाइंग स्कूलांना उत्पन्नातला वाटा माफ केला, जमिनीचे भाडे सौम्य केले, जळगाव, बेळगाव, कलबुर्गीसारख्या विमानतळांवर जागा दिल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षणावर कर नाही, असा खुलासा केला. अमरावतीच्या बेलोऱ्याला राज्याच्या विमानतळ विकास कंपनीच्या जागेवर एअर इंडियाची प्रशिक्षण संस्था येते आहे, वर्षाला १८० वैमानिक घडवण्याचा वायदा आहे. छान! पण या प्रत्येक सवलतीच्या कागदावर एक ओळ लिहिली का, की इतकी जमीन, इतकी माफी, इतकी करसवलत घेणाऱ्याने इतक्या जागा इतक्या फीत द्याव्यात? विनाअनुदानित वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या फीवर लक्ष ठेवायला महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे. ते परिपूर्ण आहे असे आम्ही म्हणत नाही, आमच्याच जिल्ह्यातले शिक्षणसम्राट त्याला कसे वळसे घालतात ते आम्ही पाहतो. पण निदान दार ठोठावायला एक दार तरी आहे. फ्लाइंग स्कूलच्या बाबतीत तेही नाही. डीजीसीए पोराचा डोळा तपासते, कान तपासते, हृदयाचा आलेख काढते, विमानाचा एकेक बोल्ट तपासते. फीची पावती मात्र तिला दिसत नाही.

आणि हे पूर्वीपासून असेच होते असे नाही. १९२८ मध्ये मुंबई फ्लाइंग क्लब सुरू झाला, १० फेब्रुवारी १९२९ रोजी जेआरडी टाटांना देशातला पहिला परवाना मिळाला. त्या काळच्या फ्लाइंग क्लबांना परक्या सरकारचे अनुदान होते, स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारचेही होते. इंग्रजांना हिंदी वैमानिकांचा कळवळा होता असे कोणी समजू नये, त्यांना साम्राज्याला पायलट हवे होते. पण ज्याला वैमानिक हवेत त्याने त्यांच्या शिक्षणाचा भार उचलावा, एवढे त्या परक्यालाही कळत होते. आमच्याच माणसांना ते का कळू नये? रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र सरकारची संस्था; तिथली फीसुद्धा आता चाळीस लाखांच्या पुढे गेली. सरकारीच दुकान खासगी भावाने चालले तर खासगीवाल्याला कोण विचारणार? राज्याने महाज्योती या आपल्या संस्थेमार्फत इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना वैमानिक करण्याची योजना काढली. जागा किती? वीस. आणि पाठवले कुठे? ज्या नागपूर फ्लाइंग क्लबचे उड्डाण वर्षानुवर्षे बंद पडले होते, तिथे! योजना कागदावर उडाली. पोरे वाट पाहत बसली आणि दाद मागत फिरली.

मुलींबद्दल वेगळे दोन शब्द. भारतात महिला वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीहून बरेच जास्त आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. खेड्यातल्या घरात जमीन तारण ठेवण्याची पाळी आली की ती कोणासाठी ठेवायची, हे मात्र सांगायला नको. कोटभराची फी जातपात पाहत नाही असे तिचे समर्थक म्हणतात. ती मुलगी पाहते, आणि आधी तिलाच उंबऱ्याच्या आत ठेवते. ज्या जिल्ह्याला सरकारने अहिल्यादेवींचे नाव दिले, ज्या चौंडीत २०२५ मध्ये त्यांच्या जन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त मंत्रिमंडळ जाऊन बसले, त्या जिल्ह्यातल्या लेकीसाठी नाव बदलण्यापलीकडे काही करता येते की नाही?

येते. आणि कसे येते हे या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. दुष्काळ आणि सावकार यांच्या कचाट्यात नगरचा शेतकरी अडकला होता तेव्हा लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पाठीशी उभा राहिला आणि १९५० मध्ये प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना धुराडे पेटवून उभा राहिला. साखर कारखाना ही त्या काळी भांडवलदाराचीच गोष्ट मानली जात होती. धोतर नेसलेले लोक यंत्रे कशी चालवणार, असे हसणारे तेव्हाही होते. त्या कारखान्यांच्या पैशावर पुढे जिल्ह्यात कॉलेजे झाली, रुग्णालये झाली, बँका झाल्या, आणि घराणी झाली. घराण्यांबद्दल आज बोलत नाही, नाहीतर अग्रलेखाला पुरवणी जोडावी लागेल. पण विचारतो: त्या वारशाचे मालक म्हणवणाऱ्यांनी वैमानिक प्रशिक्षणाकडे कधी त्याच नजरेने पाहिले काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा लोणीला आले, विठ्ठलरावांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, सहकाराची थोरवी गायली गेली. त्यांच्याच खात्याने सहकारी टॅक्सीची घोषणा केली आहे. रस्त्यावरच्या ड्रायव्हरला मालक करायला सहकार चालतो, तर हवेतल्या ड्रायव्हरला घडवायला का चालू नये?

योगायोग असा की केंद्रात नागरी विमान वाहतूक आणि सहकार या दोन्ही खात्यांचे राज्यमंत्रिपद एकाच मराठी माणसाकडे आहे, पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ यांच्याकडे. दोन फायली एकाच टेबलावर आहेत. आणि विठ्ठलरावांचे नातू राधाकृष्ण विखे पाटील हे या जिल्ह्याचे पालकमंत्री आहेत. आम्ही यांच्याकडे भीक मागत नाही, हिशेब मागतो. काकडीची जमीन लोकांची, धावपट्टी राज्याच्या कंपनीची, जिल्हा बँक शेतकऱ्यांच्या ठेवींची. या तिन्ही गोष्टी एकत्र आणायला दिल्लीची परवानगी लागते ती डीजीसीएपुरती. इच्छा इथलीच लागते. जिथे जिथे सरकारी विमानतळावर फ्लाइंग स्कूल चालते तिथे एक तृतीयांश जागा गुणवत्तेवर, ठरवलेल्या फीत, भराव्याच लागतील, असा करार करा. फी एकदम आगाऊ घेण्यावर बंदी घाला; जितके तास उडवले तितके पैसे, संस्था बंद पडली तर उरलेले परत. टाइप रेटिंगचा खर्च एअरलाइनने उचलावा आणि हवे तर त्याच्या बदल्यात काही वर्षांच्या नोकरीचा बॉण्ड घ्यावा. सैन्यदल आपल्या वैमानिकाकडून फी घेते काय? जिल्हा बँकेने आणि कारखान्यांनी मिळून कर्जाचा असा निधी उभारावा की ज्याचा हप्ता पहिल्या पगारापासून सुरू होईल, आणि नोकरी जाईल त्या काळात थांबेल. तारण पोराचा परवाना, बापाचा सातबारा नव्हे.

तोपर्यंत पालकांना एवढेच सांगतो. हॉटेलच्या हॉलमध्ये 'बारावीनंतर थेट पायलट'चे सेमिनार भरतात, तिथे पांढऱ्या शर्टावर सोनेरी पट्ट्या लावलेली माणसे उभी असतात. पैसा भरण्याआधी पोराची क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंगांधळेपणा निघाला तर तिथेच थांबता येते, जमीन तारण ठेवल्यावर नाही. ज्या संस्थेत पाठवता तिची डीजीसीएची श्रेणी विचारा, उडण्यासारखी किती विमाने आज हँगरमध्ये आहेत ते स्वतः जाऊन मोजा, गेल्या वर्षी किती पोरांचे दोनशे तास पुरे झाले ते लेखी मागा. लेखी देत नसतील तर परत या.

आणि पालकमंत्र्यांना व राज्यमंत्र्यांना विचारतो: पुढच्या वेळी काकडीच्या धावपट्टीवर उतराल तेव्हा टर्मिनलच्या दारात थांबून एकदा चौकशी करा, या विमानतळाला जमीन दिलेल्या किती घरांतला माणूस इथे नोकरीला आहे आणि कोणत्या नोकरीला. उत्तर विधिमंडळाच्या पटलावर ठेवा. आम्ही ते छापू, पहिल्या पानावर.